माणसाळविलेल्या लांडग्याचे ऋण

याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी लिहिताना जाता जाता एक मोठे विधान केले आहे. रानातले पशू, पाखरे, सरपटणारे जीव व जलचर या सर्वांना मनुष्याने आजवर वश केले, एक जीभच काय ती त्याच्या हाती लागली नाही, असा त्याचा आशय. या वचनावर उपदेश करणारे बहुधा लगेच जिभेकडे वळतात, आणि आपल्या मंडळ्यांत जिभेची जी कामगिरी चालते ती पाहता त्यांना दोष देता येत नाही. परंतु वचनाच्या पूर्वार्धावर कोणी थांबलेला आमच्या ऐकण्यात नाही. मनुष्य पशूला वश करतो म्हणजे नेमके काय करतो? आणि ते केल्यावर त्या दोघांचे परस्परांशी नाते काय राहते? हा प्रश्न वरवर दिसतो तितका लहान नाही.

मूळ ग्रीक भाषेत याकोबाने 'दमाझो' हे क्रियापद योजले आहे. ज्यावरून आपला 'दमन' शब्द झाला तो संस्कृतातील 'दम्' धातू याच घराण्यातला; दोन्ही शब्द एकाच आजीची नातवंडे आहेत असे भाषाशास्त्री सांगतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, कबरांमध्ये राहणाऱ्या त्या भूतग्रस्ताला बेड्या व साखळदंड घालूनही कोणास आवरता येत नव्हते असे वर्णन आहे, तेथेही हाच शब्द आला आहे. म्हणजे या शब्दाला साखळीचा शेजार आहे. आपल्या मराठीत मात्र जनावरासाठी एक निराळाच शब्द रूढ आहे. आपण म्हणतो, ते 'माणसाळले'. या शब्दात साखळी नाही, जबरदस्तीही नाही. जनावर माणसांत आले, माणसांना धरून राहू लागले, एवढेच त्यात आहे. एकाच कृत्याची ही दोन नावे आहेत, की ही कृत्येच दोन आहेत, हे पाहावयाचे असेल तर बैलाकडे किंवा कुत्र्याकडे पाहून भागणार नाही. ते हजारो वर्षांपूर्वीच आपल्या अंगणात आले. त्यासाठी लांडग्याकडे पाहिले पाहिजे.

लांडग्याचे नाव काढताच आमच्या पठारावरील वाचकांच्या भुवया चढतील हे आम्ही जाणतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या बाजूच्या माळरानांवर तो अद्याप आहे, आणि ज्याच्या वाड्यातून रात्री कोकरू गेले त्याला लांडग्याच्या स्वभावाविषयी शास्त्रज्ञांचे ग्रंथ वाचण्याची गरज वाटत नाही. आमच्या मंडळीत मेंढरे राखण्यात जन्म घालविलेले एक वृद्ध बंधू आहेत. परदेशात काही लोक लांडग्याची पिल्ले हाताने वाढवून त्यांना शिकवितात, असे आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पाळकसाहेब, शिकवून झाल्यावर त्याला कोणाच्या कळपात सोडणार, तेवढे विचारून ठेवा." त्यांनी हे थट्टेने म्हटले खरे, पण आम्हांस वाटते, सगळ्या विषयाचे मर्म त्यांच्या या थट्टेत आले आहे, आणि पुढे त्याकडे यावेच लागेल. आपल्या देशात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. तेव्हा आमचा कोणी वाचक लांडगा शिकवावयास निघेल अशी भीती नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ती परदेशातील माणसे व ते लांडगे यांच्यात घडली आहे.

ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना नगराच्या उत्तरेस अर्न्स्टब्रुन नावाचे गाव आहे. फ्रीडरिके रांगे, झोफिया विरान्यी व कुर्ट कोट्रशाल या तिघा शास्त्रज्ञांनी २००८ साली स्थापन केलेली लांडग्यांच्या अभ्यासाची संस्था तेथे आहे. अमेरिकेत इंडियाना प्रांतात एरिख क्लिंगहामर नामक प्राध्यापकांनी १९७२ साली अशीच एक जागा उभी केली. दोन्ही ठिकाणची रीत थोडीफार सारखी आहे. पिल्लू दहा-बारा दिवसांचे असते, डोळे अजून उघडतच असतात, तेव्हा त्याला आईपासून दूर केले जाते. त्यानंतर कोणी ना कोणी मनुष्य रात्रंदिवस त्याच्याजवळ असतो. तो त्याला बाटलीने दूध पाजतो, पिल्लांच्या घोळक्यातच झोपतो, रात्री ती ओरडली की उठतो; आणि असे आठवडेच्या आठवडे चालते. तान्हे मूल वाढविलेल्या कोणत्याही आईला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. अमेरिकेतील कॅथरिन लॉर्ड या विदुषींनी २०१३ साली दाखवून दिले की, लांडग्याचे पिल्लू व कुत्र्याचे पिल्लू यांची इंद्रिये एकाच वेळी जागी होतात: दुसऱ्या आठवड्यास नाक, चौथ्याच्या सुमारास कान, सहाव्याच्या सुमारास डोळे. परंतु कुत्र्याचे पिल्लू चौथ्या आठवड्यात बाहेरचे जग धुंडू लागते, तर लांडग्याचे दुसऱ्याच आठवड्यात निघते. तेव्हा त्याला धड दिसत नाही की ऐकू येत नाही. नाक एवढाच त्याचा वाटाड्या. त्या अंधारात ज्याचा वास त्याला मिळाला तो त्याचा झाला. पुढे जे जे ऐकू येते व दिसते ते ते त्याला भयाचे वाटते, आणि ओळखीचे दार लवकरच मिटते. कुत्र्याच्या पिल्लाचे ते दार कितीतरी अधिक काळ उघडे राहते. म्हणून लांडग्याचा शिक्षक त्या थोड्या दिवसांत त्याच्यापाशी नसला तर नंतर त्याने कितीही माया लाविली तरी ते नाते जुळणे फार कठीण.

आता शिक्षणाचा प्रकार पाहा. अर्न्स्टब्रुन येथे काठी नाही, मार नाही. हाक मारावयाची, आणि लांडगा आला तर मांसाचा तुकडा द्यावयाचा. नाही आला तर नाही आला. गळ्यात पट्टा व दोरी घालून तो माणसाबरोबर फिरावयास जातो. प्रयोगाच्या खोलीत यावे की न यावे हे त्याच्या खुषीवर सोडलेले असते. सर्कशीतल्या वाघाचा खेळ ज्यांनी जुन्या दिवसांत पाहिला असेल त्यांना हे शिक्षणच वाटणार नाही.

या लांडग्यांवर व त्यांच्याचप्रमाणे वाढविलेल्या कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांपैकी दोन सांगतो. पहिला हंगेरीतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांचा. त्याचे वृत्त २००३ साली प्रसिद्ध झाले. हाताने वाढविलेल्या लांडग्यांना व कुत्र्यांना आधी एका युक्तीने मांस मिळवावयास शिकविले, आणि मग गुपचूप ती युक्ती निरुपयोगी करून ठेविली. कुत्रा थोडी खटपट करी, आणि लागलीच मान वळवून आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाही. लांडगा पाहत नसे. तो ओढीत राही, चावीत राही, आणि माणूस मागे उभा आहे याची त्याला जणू दादच नसे. दुसरा प्रयोग अर्न्स्टब्रुनचा, २०१९ सालचा. दोरीची दोन टोके दोघांनी एकाच वेळी ओढली तरच खाऊचे तबक पुढे सरके. एक टोक जनावराकडे, एक माणसाकडे. कुत्रे व लांडगे दोघांनीही माणसाशी मिळून हे काम केले. परंतु कुत्रा माणसाने दोरी धरीपर्यंत थांबे व मग आपण धरी. लांडगा आधी आपणच सुरुवात करी, आणि क्वचित माणसाच्या हातचे टोकही हिसकावून घेई.

हे वृत्त वाचताना आम्हांस हसू आले, आणि नंतर आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो. कुत्रा आपल्या तोंडाकडे पाहतो हे आपणांस गोड वाटते. आपण त्याला निष्ठा म्हणतो. लांडगा तसे पाहत नाही म्हणून त्याला हट्टी व कृतघ्न म्हणण्याची आपली तयारी असते. पण त्याच लांडग्याने दोरीचे दुसरे टोक धरून त्याच माणसाबरोबर काम केले हे विसरता कामा नये. तो सहकार्य करतो, मात्र परवानगी मागत नाही. ज्याला आपली गरज आहे तोच आपला, अशी एक खोड मनुष्याच्या प्रीतीत असते. आई-बाप, गुरुजी, पाळक, कोणीच तिच्यातून सर्वस्वी सुटलेला नाही. मूल आपले न विचारता करू लागले की पुष्कळ घरांत त्याचे प्रेम आटले असा बोभाटा होतो. लांडगा त्या खोडीला मुळीच जागा देत नाही.

मग त्याला आपल्या माणसाविषयी काही वाटते की नाही? येथे शास्त्रज्ञांतच एकमत नाही. तान्ह्या मुलांची आईवरील ओढ पारखण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी एक परीक्षा बसविली होती. खोलीत कधी ओळखीचे माणूस, कधी परके, कधी कोणीच नाही, असे करीत मूल काय करते ते पाहावयाचे. बुडापेस्टच्या मंडळींनी ती परीक्षा लांडग्याच्या पिल्लांवर केली आणि २००५ साली सांगितले की, कुत्र्याच्या पिल्लात दिसते तशी ओढ लांडग्याच्या पिल्लात दिसत नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०२२ साली १० लांडगे व १२ कुत्रे, सर्व २३ आठवड्यांचे, घेऊन तीच परीक्षा केली आणि उलट सांगितले. लांडगेही आपल्या माणसाला परक्याहून वेगळे ओळखीत, त्याच्याजवळ अधिक राहत. परके माणूस खोलीत असताना ते अस्वस्थपणे येरझारा घालीत, आणि आपले माणूस परत आले की शांत होत. दोन्ही ठिकाणचे लोक विद्वान आहेत आणि आम्ही त्यांचा न्यायनिवाडा करणारे कोण! परंतु जो प्राणी आपले माणूस दाराआड गेल्यावर येरझारा घालतो त्याला काही वाटत नाही असे म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

तथापि या गोष्टी ऐकून ज्यांना लगेच यशयाचा अकरावा अध्याय आठवतो त्यांना आम्ही थोडे थांबवू इच्छितो. तेथे लांडगा कोकरापाशी राहील असे जे भविष्य आहे त्यातील इब्री क्रियापद घरच्यासारखे राहण्याचे नव्हे, तर परक्या मुलखात पाहुणा म्हणून उतरण्याचे आहे. म्हणजे त्या दिवशी कोकरू यजमान असेल आणि लांडगा त्याच्या दारी उतरलेला पाहुणा! ते देवाचे काम आहे, आणि त्याच्या वेळी होईल. गळ्यातल्या पट्ट्याने व मांसाच्या तुकड्यांनी आपण तो दिवस अलीकडे आणला, असे शिक्षकांनी समजू नये. समजले तर काय होते हे स्वीडनमध्येच दिसून आले आहे. २०१२ च्या जून महिन्यात कोल्मोर्डन येथील प्राणिसंग्रहालयात, माणसांची सवय लावलेल्या लांडग्यांच्या आवारात गेलेल्या एका तरुण रक्षक स्त्रीला त्या लांडग्यांनी ठार मारले. त्या वेळी ती आत एकटी होती.

असे काही घडले की वर्तमानपत्रे 'दगा' हा शब्द वापरतात. आमच्या मते हा शब्द येथे चुकीचा आहे, आणि त्याची चूक समजून घेतली तर आपल्या प्रश्नाची गाठ सुटू लागते. ज्याने वचन दिले तोच दगा देऊ शकतो. इटलीतील गुब्बियो गावच्या लांडग्याची तेराव्या शतकातील कथा पुष्कळांनी ऐकली असेल. त्या लांडग्याने गावाला त्रस्त केले होते. असीसीचा फ्रान्सिस त्याच्याकडे गेला, गाव त्याला रोज खाऊ घालील व त्याने कोणास इजा करू नये असा त्याने करार करविला, आणि लांडग्याने पंजा उचलून त्याच्या हातात ठेविला. पुढे तो घरोघर जेवला, आणि दोन वर्षांनी मेला तेव्हा गावाला दुःख झाले. आम्ही प्रॉटेस्टंट लोक अशा कथांना इतिहास मानीत नाही, मानण्याचे कारणही नाही. पण कथेतली मुख्य चूक चमत्काराची नव्हे. ती त्या पंज्याची आहे. खरा लांडगा पंजा देत नाही. त्याने कसलेही वचन दिलेले नसते. दहा दिवसांचे आंधळे पिल्लू काय कबूल करणार? कबुली सगळी एका बाजूची असते, आणि ती बाजू माणसाची असते.

एका बाजूचा करार हा करारच कसा, असे एखादा वकील विचारील. त्याला आम्ही उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाकडे पाठवू. जलप्रलयानंतर देवाने करार केला तो केवळ नोहाशी व त्याच्या वंशाशी नव्हे. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पशुपक्ष्याशीही केला, आणि हे त्या अध्यायात एकदा नव्हे, पुन:पुन्हा सांगितले आहे. त्या पशूंनी बदल्यात काय कबूल केले? काही नाही. त्यांना त्याची खबरही नसेल. मेघांतले धनुष्य देवाने स्वतःच्या स्मरणासाठी ठेविले. सेमिनरीत शिकत असताना आम्ही या अध्यायाचे टिपण लिहून काढले होते, परंतु करारातील दुसरा पक्ष सबंध मुका आहे याचे नवल तेव्हा कोणासच वाटले नाही. आता वाटते, कारण लांडगा वाढविणारा मनुष्य नेमका अशाच जागी जाऊन उभा राहतो. तो मुक्या पक्षाशी करार करतो. म्हणून तो करार पाळण्याचा भार सगळा त्याच्या एकट्याच्या शिरावर पडतो.

आणि भार हलका नाही. येथे आमच्या वृद्ध मेंढपाळ बंधूंचा प्रश्न पुढे येतो: शिकवून झाल्यावर त्याला सोडणार कोठे? उत्तर असे की कोठेही नाही. ज्या लांडग्याला माणसाचे भय राहिले नाही तो रानात सुटला तर माणसाच्या वस्तीकडेच येईल, आणि पहिल्या बंदुकीच्या वाटेत सापडेल. तोपर्यंत कित्येक मेंढरांचा जीव घेऊन. त्याचे भय हेच त्याचे कुंपण होते, आणि ते शिक्षकाने मायेने काढून टाकले. मार्काच्या त्या अध्यायातला मनुष्य शुद्धीवर आल्यावर येशूबरोबर जाण्याची विनंती करतो, आणि येशू ती नाकारून त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे परत पाठवितो. ज्याला साखळ्या आवरू शकल्या नाहीत त्याला प्रभूने आवरले, पण आपल्यापाशी बांधून ठेविले नाही. आमचा लांडग्याचा शिक्षक कितीही भला असो, त्याला हे करता येत नाही. त्याने ज्याला आपलेसे केले त्याला परत पाठवावयास घर उरलेले नसते.

तर मग असे करावेच का? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ घुटमळलो. एका पक्षी म्हणावे लागते की, या संस्थांतील पिल्ले बहुतेक बंदिवासातच जन्मलेल्या आईबापांची असतात. रान त्यांना तसेही मिळणार नव्हते, आणि माणसाला भिऊन कुंपणाच्या कोपऱ्यात जन्म काढण्यापेक्षा माणसाला न भिता जगणे त्यांस बरे. शिवाय लांडग्याविषयी जो आंधळा द्वेष युरोपात शेकडो वर्षे चालत आला व ज्यापायी कित्येक देशांतून तो नाहीसा झाला, तो कमी होण्यास अशा कामाने साहाय्य झाले आहे. हे सर्व आम्ही मान्य करतो. परंतु दहा दिवसांच्या पिल्लाला आईच्या कुशीतून उचलणे हे घेणे आहे. ते घेणे ज्ञानासाठी असले तरी घेणेच. आणि घेणाऱ्याने ते ऋण म्हणून घ्यावे, हक्क म्हणून नव्हे. लांडगा बंदिवासात बारा-पंधरा वर्षे जगतो. तेवढी वर्षे जो देणार नाही त्याने त्या बिळात हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसत्या हौसेसाठी लांडगा पाळणे तर आम्ही पापच समजतो.

ही हौस अमेरिकेत पुष्कळांना आहे. लांडगा व कुत्रा यांच्या संकरातून झालेली पिल्ले तेथे विकली जातात. पहिले वर्ष कौतुकात जाते. दोन वर्षांच्या सुमारास ते जनावर वयात येते, घरात मावत नाही, मालकाला जुमानीत नाही. मग कोणी त्याला साखळीने अंगणात बांधतो, कोणी निराश्रित जनावरांच्या आश्रमाच्या दाराशी नेऊन सोडतो. असे लांडगे सांभाळणारे आश्रम त्या देशात कितीतरी झाले आहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायात मजुराचे वर्णन आहे: लांडगा येताना पाहून तो मेंढरे टाकून पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. येथे उलटा प्रकार दिसतो. लांडगाच टाकलेला आहे, आणि पळालेला मात्र तोच जुना मजूर आहे.

सगळेच पळत नाहीत. मार्क रोलंड्स नावाचे वेल्श तत्त्वज्ञ अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात शिकवीत असता त्यांनी ब्रेनिन नावाचे लांडग्याचे पिल्लू घेतले. एकटे ठेविले की ते घराची नासधूस करी. म्हणून रोलंड्स त्याला जिकडे तिकडे बरोबर नेऊ लागले, अगदी व्याख्यानाच्या दालनातसुद्धा. प्राध्यापक तत्त्वज्ञान सांगत आहेत आणि लांडगा कोपऱ्यात झोपला आहे, असा तो देखावा. पुढे नोकरी बदलली, देश बदलले. अमेरिकेतून आयर्लंड, शेवटी फ्रान्स. लांडगा बरोबरच राहिला, आणि फ्रान्समध्ये मेल्यावर त्यांनी त्याला तेथेच पुरले. त्या सहवासावर त्यांनी २००८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या सर्व मतांशी आमची मते जुळतील असे नाही, आणि लांडगा विकत घेणे योग्य होते असेही आम्ही म्हणत नाही. परंतु घेतल्यावर ते गेले नाहीत. लांडग्याला कोंडून ठेवण्यापेक्षा त्यांनी आपल्याच आयुष्याची घडी त्याच्यासाठी मोडून पुन्हा घातली. माणसाळविणे ते हेच असावे. त्यात लांडगा जितका माणसांत येतो त्याहून माणूस लांडग्याच्या सोयीने अधिक जगतो.

आमच्या खेड्यांतून लांडगे कोणी पाळीत नाही. पण मुलांनी हौसेने आणलेले, पावसाळ्याच्या तोंडाशी उंबऱ्याबाहेर घालविलेले कुत्र्याचे पिल्लू कोणत्या आळीत दिसत नाही? दहा वर्षे नांगर ओढलेल्या बैलाचे दात झिजले म्हणजे त्याला बाजार दाखविण्याविषयी घरात जे बोलणे होते ते आम्ही ख्रिस्ती घरांतूनही ऐकले आहे. दुष्काळात चारा नसतो आणि पोटच्या पोरांचे पाहावे लागते, हे आम्ही जाणतो. ज्याच्या दावणीला काही नाही अशा पगारी पाळकाने त्यावर कठोर बोलू नये. तथापि नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात धार्मिक मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची जाण ठेवतो अशा अर्थाचे जे वचन आहे, त्यात इब्री भाषेत नुसती दया नाही, 'जाणणे' आहे. मनुष्य मनुष्याला जाणतो तेव्हा जो शब्द येतो तोच. बैल विकावा लागला तर विकावा, पण ज्याने आपल्यापाशी भय टाकले असे एक जनावर आपण देत आहोत, हे जाणून विकावे, आणि गिऱ्हाईक कोण आहे ते पाहावे.

शेवटी एका थडग्याची हकिकत सांगावयाची आहे. जर्मनीतील बॉन शहरानजीक ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीतील मजुरांना जमिनीत काही हाडे मिळाली. एक पुरुष, एक तरुण स्त्री, आणि त्यांच्याबरोबर काही जनावरांची हाडे. त्यांतला एक जबडा प्रथम लांडग्याचा म्हणून नोंदला गेला आणि कित्येक वर्षे तसाच पडून राहिला. तो कुत्र्याचा आहे हे १९७० नंतरच्या दशकात ओळखण्यात आले. शास्त्रज्ञ ते थडगे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे मानतात. जगाच्या कालगणनेविषयी ज्या वाचकांचे मत निराळे असेल त्यांनी आकडा सोडून द्यावा, बाकीची हकिकत तशीच राहते. ते कुत्रे म्हणजे सुमारे २८ आठवड्यांचे पिल्लू होते. २०१८ साली त्याचे दात पुन्हा तपासले गेले. त्यांवरील खुणांवरून असे दिसले की, सुमारे १९ आठवड्यांचे असता त्याला डिस्टेंपर या नावाचा कुत्र्यांना होणारा जीवघेणा रोग झाला असावा, आणि तो एकदा नव्हे, पुन:पुन्हा उलटला. अशा रोगात जनावर खात नाही, उठत नाही, अंगाखालीच घाण करते; कोणी उबेस ठेवून, पुसून, पाणी पाजून सांभाळले नाही तर ते तीन आठवड्यांच्या आत मरावयाचे. हे पिल्लू त्यानंतर आठ-नऊ आठवडे जगले. त्या काळात शिकारीस ते जाऊ शकत नव्हते, राखणही करू शकत नव्हते. मेल्यावर ते त्या दोघा माणसांबरोबर त्याच थडग्यात ठेवण्यात आले.